लग्नाला वजा चालत नाही

अण्णा, तुमची घाण उपसून, पोती आज परत जागेवर टांगून आत्ता घरात आलोय. साबणानं हात घासले, लिंबानं घासले, आईनं चुलीतली राख दिली तीपण लावून झाली, तरी बोटांना नासक्या कांद्याचा आणि उंदराच्या मुताचा वास येतोच आहे. तुमच्या शूटिंगच्या डिस्का कांद्याच्या बराखीत होत्या, आढ्याला टांगलेल्या, युरियाच्या दोन पोत्यांत. तुम्ही गेल्यावर आईनंच तिथं नेऊन टांगल्या. घरात नकोत म्हणाली, आणि फेकवतही नाहीत म्हणाली. खाली दरसाल कांदा पडायचा, सडायचा, विकला जायचा, आणि वर आख्ख्या आंबेगाव तालुक्याची लग्नं आणि मयतं लोंबकळत होती. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. आता दाढी आहे, बारावी दोनदा करूनही नाही ती नाहीच, आणि एका जागी बूड टेकत नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकलेत. गोव्याच्या हॉटेलात भांडी घासली, नाशकाला द्राक्षं भरली, एका मेंढपाळाबरोबर पार कोकणात चालत गेलो. ते मेंढराचं एकदा सांगायला पाहिजे, त्या माणसाला प्रत्येक मेंढराचं तोंड ओळखू यायचं. पण ते राहू दे. सांगायचंय ते पोत्यांचं.

घरी कळंबला आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून आलो होतो, तर एक म्हातारी दारात. तशी म्हातारी नाही, साठीची असेल, पण गाल बसलेले. निरगुडसरची. "आरं ए, तू शूटिंगवाल्याचाच ना? बापागत कपाळ हाय." मी हो म्हणालो. तिनं पायरीवरच बसकण मारली. "तुझ्या बापानं माझ्या लग्नाचं शूटिंग काडलं व्हतं. ते मला पाह्यजे." आई आतून पाणी घेऊन आली, तिनं बाईकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "लग्न न्हवं रं. म्होतूर व्हतं त्यांचं." बाईनं तांब्या हातात घेतला आणि आईकडं न बघता म्हणाली, "म्होतूर तर म्होतूर. कुकू त्येच लावत्यात ना?"

पहिला नवरा गेलेला, पोरबाळ नाही. मग निरगुडसरच्या एका माणसाशी तिचं दुसरं लागलं, विधवेचं लागतं तसं, म्होतूर. त्याचीही बायको वारलेली. संसार केला चांगला पंधराएक वर्षं, त्याच्या आईचं हगणंमुतणं काढलं, आणि अलीकडंच तो माणूस गेला. दहावा झाला, आणि धाकट्या दिरानं तिची पेटी अंगणात आणून ठेवली. तलाठ्याकडं वारस म्हणून भावांचीच नावं लावायला दिली. लग्नाची नोंद कुठं नाही. भटजी नव्हताच. माहेरची जी माणसं हजर होती ती वर गेली. दिराला विचारलं तर तो चारचौघात म्हणाला, "कोण बायकू? ती कामाला व्हती आमच्यात." आता ती इथं कळंबला भाचीकडं राहते. मला वाटलं, जमिनीचं असणार. तसं मी बोलूनही गेलो, तर ती उसळली. "जमीन घाल चुलीत! त्या भाड्यानं मला कामाची बाई म्हणलं. म्होतराच्या दिवशी त्यो माज्याम्होरं काय बोलला ते तुझ्या बापाच्या कॅमेऱ्यात हाय. तेवढं मला काडून दे."

काढून दे म्हणजे काय, ते तिला काय ठाऊक! अण्णा, तुमच्या वेळी कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता आठवतं? माठाच्या शेजारी, कारण घरातला धड प्लग तेवढाच. डिस्क लिहायला लावली की आईनं मिक्सर लावायचा नाही, लाइट दबली की डिस्क जळाली. त्या दिवशी चटणी पाट्यावर. तुम्ही तंबाखूची गोळी गालात धरून, खांद्यावरच्या टॉवेलनं डिस्क पुसायचात, त्याच टॉवेलनं तोंड पुसायचात. मला तेव्हाही किळस यायची. जळालेल्या डिस्का दोरीत ओवून आपण बाजरीत बांधायचो, पाखरं येऊ नयेत म्हणून. आणि लिहून झाली की तुम्ही विचारायचात, "तोंड बांधलं का?" म्हणजे डिस्कचा शेवट बंद केला का. पोत्याचं तोंड बांधल्यासारखं. तोंड बांधलं नाही तर त्या डिस्कला फक्त आपल्यासारखं लिहिणारं मशीनच ओळखतं, गिऱ्हाइकाच्या टीव्हीखालचा डबा तिला कोरी समजतो. बांधलं की मग तिच्यात पुढं काही घालता येत नाही. हे मला तुम्ही शिकवलंत, आणि खरंच सांगतो, माझ्या शाळेनं शिकवलेलं असं एकही वाक्य माझ्याजवळ राहिलेलं नाही.

आणि ते प्लस-मायनस. बाजारात डीव्हीडीच्या डिस्का दोन जातीच्या, एकीवर नावामागं अधिकची खूण, दुसरीवर आडवी रेघ. एकदा कुणीतरी मुलीचा बाप डिस्क उलटीपालटी करून म्हणाला, "हे काय, लग्नाला वजा? आवो, पोरीचा संसार बेरजेचा पाह्यजे का वजाबाकीचा?" सगळे हसले. पण पुढच्या रविवारी दुसरा आला, तोही तेच म्हणाला. मग आख्ख्या पंचक्रोशीत झालं की शूटिंगवाल्याकडं लग्न काढलं तर प्लस मागायची, वजा चालत नाही. वजा दहाव्याला, तेराव्याला. तुम्ही कुणाला समजावलं नाहीत. उलट तुम्हीच गिऱ्हाईक आलं की विचारायला लागलात, "बेरीज का वजा?" आणि त्यावरून कळायचं की हा माणूस घरात हळद लावून आलाय की सुतक घेऊन. खरं तर ती वजाची खूण नाहीच, अण्णा. नुसती नाव जोडायची रेघ आहे. मी आता वाचलं. ती जात आधी निघाली, मग दुसऱ्या कंपन्यांनी आपली वेगळी काढली आणि मिरवायला पुढं अधिकची खूण लावली. एवढंच. गिऱ्हाइकांचे जुने डबे तर रेघवालीच बिनबोभाट वाचायचे आणि प्लसवर अडायचे. अडली डिस्क की लोक तिला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवायचे, आणि तेही चकचकीत बाजूलाच! मग घेऊन यायचे तुमच्याकडं, "चालंना बरं का." एका रेघेपायी एवढा तमाशा. मला हसू यायला पाहिजे, पण ओकारीच येते.

पोत्यांवरही तुम्ही तेच काढून ठेवलं होतंत. एकावर लाल रंगात अधिक, दुसऱ्यावर काळी रेघ. मी लहानपणी एकदा खेळताना दोन्हीकडच्या डिस्का एकत्र केल्या होत्या, तर तुम्ही कानफटात वाजवलीत. "लग्नात मयत घालतो व्हय रं?" गाल दिवसभर हुळहुळत होता.

म्हणून मी आधी लग्नाचं पोतं घेतलं. दोन दिवस घालवले त्यात. प्रत्येक डिस्कवर तो फोटोचा कागद चिकटवलेला, विड्याच्या पानात नवरा-नवरी, बाजूनं गुलाब. त्या कागदानंच वाटोळं केलंय. उन्हाळ्या-पावसाळ्यानं कागद फुगला आणि उचकटताना चंदेरी पापुद्रा घेऊनच उठला. डिस्क उजेडात धरली तर आरपार दिसतं. लोकांच्या हौसेची चाळण झालेली. एका पाकिटात पालीची अंडी होती, ती माझ्या मांडीवर फुटली. तिचं म्होतूर मात्र त्यात नव्हतं. आईला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्होतूर तुजा बाप लग्नात ठिवंल व्हय?" इतकं साधं बोलली ती. मला एकदम कळलं. मी दुसरं पोतं सोडलं.

त्यात डिस्का धडधाकट. मेलेल्या माणसाला कोण फोटोचा कागद लावतो? नुसत्या मार्करनं लिहिलेलं. आणि तळाला तुमच्या अक्षरात, 'दहावा निरगुडसर', आणि त्याच्या खाली बारीक, '+ म्होतूर.'

अण्णा, मी तिथंच बराखीत खाली बसलो. वेगळ्या पोत्यात टाकलंत, एक वेळ समजलो असतो. पण तुम्ही तिला वेगळी डिस्कसुद्धा दिली नाहीत. कुणाच्या तरी दहाव्याच्या डिस्कमध्ये जागा उरली होती, तिच्यात तिचं कुंकू घातलंत. कावळ्याच्या मागं. आज तो दीर म्हणतोय की लग्न झालंच नाही, तर मी त्याला तोंड वर करून काय बोलू? माझ्या बापानं तेच तर लिहून ठेवलंय.

आता ती डिस्क वाचायची कशावर? लॅपटॉपला हल्ली खाचच नसते. अवसरीच्या कॉलेजातल्या पोरांना चहाच्या टपरीवर विचारलं, त्यांच्यातल्या एकाकडं पण नव्हतं. एक म्हणाला, "भाऊ, ते म्युझियममध्ये भेटंल." मंचरला दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झटकून एक चपटा डिस्क-ड्राइव्ह काढून दिला, वायर लॅपटॉपला खुपसायची तसला. "दोन्ही जातीच्या लिहितो आणि वाचतो, राव. आता सगळेच दोन्ही करत्यात. भांडण मिटलं त्यांचं." मी विचारलं, जुनी डिस्क घेईल का? "घेतंय की." घेतंय कसलं! घरी आणून लावला, डिस्क आत गेली, खर्र खर्र केलं, आणि स्क्रीनवर आलं, कोरी डिस्क. बाई ओट्यावर बसलेली. "लागलं का?" म्हणाली. मी म्हणालो, "मशीन नवं हाय काकी, जुनं ओळखत न्हाई." ती म्हणाली, "नव्यांचं तसंच असतंय."

मग डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही तोंड बांधलेलंच नव्हतं! आणखी जागा होती ना तिच्यात. आणखी एखादं म्होतूर, एखादं वर्षश्राद्ध मावलं असतं. चपटा परत दिला. दुकानदार कुरकुरला, त्याच्याशी हुज्जत घालताना मला निम्मं कळलं आणि निम्मं त्याच्या भावाकडून. ही चपटी मशीनं लॅपटॉपच्याच लाइटवर चालतात, दमतात, जुन्या फिक्या डिस्कवर जोर लावू शकत नाहीत. जुनं मोठ्या कॉम्प्युटरमधलं धूड पाहिजे, स्वतःची लाइट घेणारं, आणि नुसतं वाचणारं नव्हे तर लिहिणारंच, कारण तोंड उघडं असलेली डिस्क लिहिणाऱ्या मशीनलाच कळते. तो भाऊ दुरुस्तीचं काम करतो, त्यानं भंगारातून एक काढून पेटीत बसवून दिलं. काळं, जड, विटेएवढं. घरी लावलं, ते घरघरलं, थांबलं, परत घरघरलं, आणि दोन फाइली दिसल्या. पहिली उघडली नाही मी. दुसरी उघडली.

एवढीशी आहे ती. दिवेलागण झालेली, घराच्या मागच्या बाजूला, गोठ्याशेजारी. अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत. पाटावर दोघं. तिचा नवरा नव्या टोपीत घामेजलेला, आणि ती खाली मान घालून. कुणीतरी काळे मणी बांधले, कपाळाला कुंकू लावलं. मग तो धाकटा दीर, तेव्हा सडपातळ, थोडी लावलेली, नारळ तिच्या ओटीत घालतो आणि कॅमेऱ्याकडं बघून दात काढतो. "घ्या! आजपास्नं ह्या आमच्या वैनी. वैनी, पाय ठिवा घरात." स्वच्छ ऐकू येतं. आणि लगेच कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज. "बास का आता? म्होतराला किती कॅशेट घालवायची!" सगळे हसतात. नवरा एकटा हसत नाही. तो म्हणतो, "काडा, पावणं. माझं पयलं कुणी काडलं न्हाई. ह्ये तरी काडा." आणि तिथंच तुम्ही बंद केलंय.

इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकला, अण्णा. लोक म्हणतात ना, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकला की भरून येतं. मला भरून नाही आलं. मी मशीन बंद केलं आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

प्रती काढायच्या तर परत डिस्क निवडायची. तलाठ्याकडं हरकत घ्यायचं ठरलं होतं, त्यासाठी गाठलेली घोडेगावची वकीलबाई फोनवर म्हणाली, "मूळ डिस्क आणा, आणि प्रत अशीवर करा जी नंतर पुसता येणार नाही. नाहीतर समोरचा म्हणेल, मागनं घातलंय." म्हणजे ती पुन्हा पुन्हा लिहायची जात बाद. एकदाच लिहिली जाणारी घेतली. कागदबिगद चिकटवला नाही. वेग सगळ्यात कमी ठेवला, आईला म्हणालो मिक्सर लावू नको, आणि तोंड बांधलं.

घोडेगावला गाडीवरून घेऊन गेलो तिला. वकीलबाईनं मूळ डिस्क हातात घेतली, वरचं वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. काकीला वाचता येत नाही, ती आपली खुर्चीच्या कडेला बसून होती. स्क्रीनवर स्वतःला बघितलं तर पहिल्यांदा तिनं पदर सावरला, जणू तिकडून कुणी बघतंय. दिराचं 'वैनी' आलं तेव्हा तिनं वकीलबाईच्या टेबलावर थाप मारली. "ऐकलं? परत लावा." परत लावलं. "आजून एकदा." मग तुमचा आवाज आला, हशा आला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हां, ह्यो तुझा बाप." बास, तेवढंच. आणि नवरा बोलायला लागला तेव्हा मात्र ती ऐकतच राहिली, डिस्क संपून स्क्रीन काळी झाली तरी.

हरकतीचा अर्ज दिलाय, तलाठ्याकडची नोंद सध्या थांबलीय. डिस्कची बातमी निरगुडसरला पोचली तशी दिरानं माणूस धाडला, आपसात मिटवून घेऊ म्हणून. भाचीच्या ओट्यावर बसून तिनं त्या माणसाला चहा दिला आणि सांगितलं, "त्याला म्हणावं, आधी हितं यून मला वैनी म्हण. मंग बोलू." अजून आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही, पण ती रोज अंगण झाडून बसते.

ही चिठ्ठी कुठं धाडायची नाही. तुमच्या पोत्यांवर ठेवली तर उंदरं खातील, आणि आईला दिली तर ती वाचून तुमचीच बाजू घेईल. बॅगेत राहू दे माझ्या. उद्या-परवा कुठंतरी निघेनच. पण एक राहिलं. काल मी तिला प्रत द्यायला गेलो होतो. तिनं ती पिशवीत घालून तांदळाच्या डब्याआड ठेवली, आणि सहज विचारलं, "एवढी वर्सं कुठं ठिवली व्हती रं तुझ्या बापानं?" मी म्हणालो, "लग्नाच्या पोत्यात." "व्हय?" म्हणाली ती. "मी तर लई शिव्या दिल्या व्हत्या त्याला त्या टायमाला. तोंडानं तसला, पर ठिवायचं तिथंच ठिवलं म्हनायचं." आणि तिनं हात जोडले, अण्णा. तुम्हाला.

घरी येऊन आईला मी म्हणालो, काकीचं मन राखायला खोटं बोललो. तसं नाही. तिच्या तोंडून तुमच्याबद्दल वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती.